भर वैशाखात मी शाल का घेतली, याचा आक्काला खुलासा

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, ४ मे १९९९

तीर्थरूप मल्लव्वाआक्का हिच्या पायांशी धाकट्या बाळाप्पाचे शरणु शरणार्थी.

(कुणाच्या पायावर डोकं ठेवणं ही गुलामीची पहिली पायरी, असं मी आजवर गावोगावच्या सभांतून सांगत आलो. तुला तो नियम लागू नाही, कारण तू डोकं पायापर्यंत पोचूच देत नाहीस, वरच्यावर टप्पल मारतेस.)

तुझा गुडघा कसा आहे? काजू वेचायला यंदा एखादी बाई लाव म्हणून सांगितलं होतं, ते तू ऐकलं नसशील असं धरून चालतो. म्हशीला बरं वाटलं का? आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे नंदिनी ठीक आहे आणि मी अंथरुणात आहे. अंगावर दोन रजया, पायांत लोकरीचे मोजे, आणि खिडकीबाहेर रस्त्याचं डांबर चपलांना चिकटतं आहे. भाताची पेज प्यावी, अर्धा तास झोपावं, परत पेज प्यावी, असा दिनक्रम आहे. नंदिनी म्हणते, तुमच्या उपोषणाचे सहा दिवस घरात फार शांतता होती, सवय लागत आली होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यामुळे हे प्रेमानं म्हटलं की मनापासून, हे मला ओळखता येत नाही.

आधी एक विनंती. हे पत्र तू स्वतः वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. सोमशेखरच्या हातात देऊ नकोस. त्याला माझ्याबद्दल जे कळायचं ते रविवारच्या पेपरातल्या फोटोवरून कळलं आहे, आणि त्यानं चंदगडातल्या एसटीडी बूथवरून फोन करून मला ते कळवलंही. तुझा मुलगा म्हणाला, ‘‘मामा, तुमी बी इकला गेलासा व्हय? फोटो बघितला न्हवं आमी. शाल काय, दूध काय. आता येत्या रविवारी येतो आन् सौंदर्याला घेऊन जातो. मुलगा बघून ठेवलाय.’’ मी खुलासा करायला तोंड उघडलं तर त्यानं फोन ठेवला. (बूथवरचं मीटर पळत असतं, हेही एक कारण असेल.) म्हणजे तुझी नात बारावीला बसणार की मांडवात, हे रविवारी ठरणार, आणि ते माझ्या एका फोटोवरून ठरणार. म्हणून हा खुलासा.

सौंदर्या जिथं राहते त्या मुलींच्या वसतिगृहाची मेस जूनपासून बंद करायची आणि ती जागा कोचिंग क्लासला भाड्यानं द्यायची, असा वसतिगृह चालवणाऱ्या शिक्षण मंडळानं ठराव केला, हे तुला माहीत आहेच. चंदगड, मुरगूड आणि कुठल्याकुठल्या वाड्यावस्त्यांवरच्या तीस मुली तिथं जेवतात. मेस गेली की बाहेरच्या खानावळीचा खर्च कुणाच्या बापाला झेपणार नाही, एकेक बाप सोमशेखरसारखा येईल आणि आपापली पोर घेऊन जाईल. मी सौंदर्याला म्हटलं होतं, तू आमच्याकडे राहा. तर ती म्हणाली, ‘‘अज्जा, मी तुमच्याकडं जेवीन. सुष्मितानं कुठं जेवायचं?’’ (सुष्मिता म्हणजे तिच्याच वसतिगृहातली पोरगी.) हा प्रश्न मला इतका आवडला की मी तो पुढच्या तीन भाषणांत वापरला. तिन्ही भाषणांना मंडळाचे अध्यक्ष तात्या पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. तिसऱ्या भाषणात, फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्या आसपास, ते डोलत नसून डुलक्या घेत आहेत असं माझ्या लक्षात आलं. मग मी व्यासपीठावरूनच बेमुदत उपोषण जाहीर केलं. ज्यांच्या ताटातलं जाणार आहे त्यांच्यासाठी मी माझं ताट दूर सारतो, असं काहीतरी बोललो. टाळ्या पडल्या. तात्या जागे झाले आणि त्यांनीही वाजवल्या.

आता शालीचं. गेली पंचवीस वर्षं मी सत्काराची शाल घेतलेली नाही. ज्याच्या खांद्यावर शाल पडली त्याची जीभ जड होते, असं माझं मत आहे आणि ते मी इतक्या ठिकाणी इतक्या मोठ्या आवाजात मांडलं आहे की हल्ली व्याख्यानमालेवाले पत्रिकेतच छापतात, ‘वक्त्यांना शाल चालत नाही, कृपया पुस्तक द्यावे.’ त्यामुळे आमच्या घरात पुस्तकांची सात कपाटं आहेत आणि शाल एकही नाही. हे ध्यानात ठेव, कारण पुढचा सगळा गोंधळ या तत्त्वातून झाला.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी मंडळाच्या फाटकासमोर बसलो. मांडव कृष्णातनं घातला. (कृष्णात म्हणजे आमच्या गल्लीतला मांडव डेकोरेटरवाला. माझं एकही भाषण चुकवत नाही, कारण खुर्च्या त्याच्याच असतात.) पहिला दिवस उत्तम गेला. पोटात कावळे होते, पण आवाज चढा होता. दुसऱ्या दिवशी कावळेही गप्प झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की समोरचे लोक टॉवेलनं मानेचा घाम टिपत आहेत आणि माझी नखं निळसर दिसत आहेत. संध्याकाळचं वारं सुटलं तसा मी दातांवर दात दाबून बसलो. आक्का, भर वैशाखात मला थंडी वाजत होती.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. उपोषणाला बसलेला माणूस थरथरताना दिसला की लोक काय समजतात ते तुला ठाऊक आहे. फाटकावरचा रखवालदार एकाला म्हणालाच, ‘‘सर भ्यालेत वाटतं.’’ त्यातच कृष्णातनं लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसला भला मोठा उभा पंखा आणून माझ्या तोंडासमोर लावला. मी हातानं खूण केली, बंद कर. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘बघा, सरांना पंखा बी नको. ह्याला म्हणायचं त्याग.’’ परत टाळ्या. चौथ्या दिवशी मी सावली सोडून उन्हात जाऊन बसलो, तर पेपरवाल्यानं लिहिलं की आंदोलन अधिक उग्र झालं. माझं एवढंच होतं की तिथं पाठीला बरं वाटत होतं.

आणि लोक भेटायला येत होते. गडहिंग्लजचे आले, कागलचे आले, जुने विद्यार्थी आले. प्रत्येकाच्या हातात माझ्यासाठी काहीतरी असे, आणि मी दुरून आशेनं बघत असे. जवळ आल्यावर ते पुस्तक निघे. ‘‘सर, तुमचं तत्त्व आमाला ठावं हाय,’’ असं म्हणून पाया पडत. (पडू देत होतो. विरोध करायला अंगात जोर नव्हता.) एकानं शेतकी खात्याचा नऊशे पानांचा जुना अहवाल आणला होता. तो मी रात्री पावलांवर ठेवून झोपलो आणि सांगतो, त्या अहवालाचा इतका उपयोग खात्यालासुद्धा झाला नसेल. पाचव्या दिवशी सदऱ्याच्या आत रविवारची जुनी पुरवणी घालून बसलो. बोलताना हात वर केला की ती कुरकुर वाजायची, म्हणून बोलणं कमी केलं. लोक म्हणाले, आता सर मौनात गेले.

शार्दूल डॉक्टर रोज तपासायला यायचा. माझाच विद्यार्थी, मराठीत काठावर पास झालेला, पण त्याचा राग धरलेला नाही. पाचव्या दिवशी त्यानं माझ्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला, बघितला, झटकला, परत ठेवला.

‘‘सर, तापमान बरंच उतरलंय.’’

मी म्हटलं, ‘‘उतरलं तर चांगलंच की.’’

‘‘ताप असलेल्या माणसाचं उतरलं तर चांगलं. तुम्हाला ताप नव्हता.’’

मग त्यानं मला जे सांगितलं ते मी तुला तुझ्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतो, कारण त्याच्या भाषेत मला दोनदा ऐकावं लागलं. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक जागा असते, तिला हायपोथॅलॅमस म्हणतात. अंग किती गरम ठेवायचं हे तिथं ठरतं. भूक किती लागू द्यायची आणि साठ्यातलं किती जाळायचं, हेही तिथंच ठरतं. म्हणजे असं समज, चुलीपुढं बसणारी आणि कणगीची किल्ली कमरेला लावणारी बाई एकच. धान्य भरपूर असलं की ती हात सैल सोडून चुलीत लाकडं सारते. धान्य येईनासं झालं की ती कुणाला न विचारता चूल बारीक करते. अंगावरची चरबी तिला रक्तातून सतत निरोप पाठवत असते की साठा अमुक इतका आहे. (हा निरोप्या शास्त्रज्ञांना चार-पाच वर्षांमागंच सापडला, लेप्टिन त्याचं नाव.) मी जेवण थांबवलं तसा निरोप बारीक झाला. बाईनं ताबडतोब काटकसर सुरू केली. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला सांगितलं, हळू घे. काळजाला सांगितलं, सावकाश. हातापायांना सांगितलं, तुमच्याकडं ऊब नंतर येईल, आधी पोटातल्या आणि छातीतल्या मंडळींना. उलट बाजूनंही तिचा कारभार असाच चालतो. उन्हाळ्यात घर आधीच तापलेलं, म्हणून ती भूक कमी करते, कारण अन्न पचवायचं म्हणजे आणखी ऊब तयार होणार. आणि तुमच्याकडं आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा तुझ्या हातची एक भाकरी जास्त जाते, तीही तिच्याच हुकमानं. म्हणजे मी पावसाळ्यातच तुझ्याकडं का येतो, याचं शास्त्रीय उत्तर आता मिळालं आहे.

शास्त्र मला पटलं. पटलं म्हणूनच मी खचलो. आक्का, बत्तीस वर्षं लोक माझ्या नावापुढं ‘धगधगता वक्ता’ असं छापत आले. मी समजत होतो ती धग वाचनाची आहे, विचारांची आहे, अन्यायाच्या चिडीची आहे. पाच दिवसांत कळलं की ती ज्वारीची होती. मी शार्दूलशी वादही घातला. म्हटलं, ध्येयानं पेटलेली माणसं तुरुंगात महिनामहिना उपाशी राहिली. तो म्हणाला, ‘‘राहिली सर. पण त्यांनाही थंडी वाजलीच असेल. पुस्तक लिहिणाऱ्यांनी ते लिहिलं नसेल एवढंच. विचार करायलाही साखर लागते.’’ मराठीत काठावर पास झालेल्या मुलानं असं वाक्य बोलावं आणि मला त्याला उत्तर सुचू नये, यावरून माझी चूल किती बारीक झाली होती ते समज.

त्या वेळी सौंदर्या तिथंच होती. तिनं शार्दूलला विचारलं, ‘‘पहिल्या दिवशी किती होतं हो टेंपरेचर?’’ तो म्हणाला, पहिल्या दिवशी काहीच फरक नव्हता, नेहमीसारखंच होतं. तिनं अजून दोन-तीन प्रश्न विचारले आणि निघून गेली. मला वाटलं, जीवशास्त्राचा अभ्यास करते आहे पोरगी. बरं वाटलं.

सहाव्या दिवशी, शनिवारी, महाराष्ट्र दिन होता. संध्याकाळी वारं सुटलं. कृष्णात पंखा घेऊन कुठं समारंभाला गेला होता, ही त्या दिवसातली एकमेव चांगली गोष्ट. तेवढ्यात तात्या आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं दोन माणसं, आणि एक फोटोग्राफर, जो म्हणे योगायोगानं तिथून चालला होता. तात्या माझ्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. ‘‘मास्तर, काय ही अवस्था करून घेतलीसा? उठा की आता. पोरींचं बघूया की. मंडळ काय पळून चाललंय व्हय?’’

मी म्हणणार होतो की बघूया म्हणजे काय ते लिहून द्या. वाक्य तयार होतं, घशापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात त्यांनी माणसाच्या हातातून शाल घेतली, उलगडली, आणि माझ्या खांद्यांवर टाकली.

शाल लोकरीची होती. अस्सल.

मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं तर दात वाजले. आणि माझ्या दोन्ही हातांनी, मला न विचारता, शालीची टोकं गळ्याशी घट्ट धरली. बाईचाच हुकूम असणार. पंचवीस वर्षांचं तत्त्व पहिल्या मजल्यावर राहतं आणि ती तळघरात बसून सगळ्या घराच्या किल्ल्या फिरवते. फोटो निघाला. मग तात्यांनी दुधाचा पेला पुढं केला, म्हशीचं, वाफाळतं, वर साय. मी तो केवळ हात शेकायला घेतला. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. नंतर पेला रिकामा होता हे मान्य करतो, पण मधलं मला आठवत नाही. दुसरा फोटो तेव्हाचा. पेपरात खाली छापलं, ‘तोडगा निघाला, सरांचे उपोषण मागे.’ तोडगा म्हणजे ‘बघूया की’, एवढाच. माझं ‘लिहून द्या’ हे वाक्य अजून घशातच आहे. मेस जूनला बंद होणार ती होणारच.

तर आक्का, मी विकला गेलो नाही. विकायला किंमत ठरावी लागते, आणि तेवढा वेळ कुणी दिलाच नाही. मी फक्त गारठलो होतो. हे सोमशेखरला कसं समजावायचं ते मला उमगत नाही. पाच हजारांच्या सभा मी गप्प केल्या आहेत, पण एसटीडी बूथवरून बोलणाऱ्या भाच्यापुढं माझं काही चालत नाही. खरं सांगायचं तर आता भाषण करण्याचा कंटाळा आला आहे. पडल्या पडल्या छताकडं बघत असतो आणि वाटतं, आपण एवढं वाचलं, एवढं बोललो, आणि शेवटी एका बदामानं आपला निकाल लावला.

गुडघ्याला तेल लावत जा. शाल परत पाठवली आहे. (पाठवणार आहे. नंदिनी म्हणते, ताकद येईपर्यंत असू दे.)

तुझा धाकटा भाऊ,
बाळाप्पा

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण ज्यासाठी कागद घेतला ते लिहायचं धाडस अजून झालेलं नाही. आता पेज पिऊन परत बसलो आहे. मी अंथरुणात पडलो आणि कालपासून पोरी बसल्या आहेत. त्याच फाटकापुढं, कृष्णातच्याच मांडवात. मला कुणी विचारलं नाही. साखळी उपोषण आहे, रोज एक जण. आयुष्यभर मी साखळी उपोषणाला ‘पाळीपाळीनं जेवण चुकवणं’ म्हणून हिणवत आलो, म्हणून सौंदर्या मला सांगायला आली तेव्हा उभ्याउभ्याच बोलली. ‘‘अज्जा, एका दिवसात चूल बारीक होत नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय. तुम्ही एकट्यानं सहा दिवस केलं म्हणून गारठलासा. आम्ही तीस जणी हाय.’’ मी म्हटलं, मग भाषणाला येऊ का? ती म्हणाली, ‘‘भाषण नको. तुम्ही पेज प्या.’’

ता. क. दुसरा. तात्या काल संध्याकाळी गेले होते, नवी शाल घेऊन. काल सुष्मिताचा दिवस होता. ती त्यांना म्हणाली, ‘‘तात्या, मी आता उठून जेवायलाच चाललोय. उद्या दुसरी हाय, परवा तिसरी. तुम्ही लिहून आणा, आमी हितंच हाय.’’ कृष्णात सांगतो, तात्या शाल घडी करत बराच वेळ उभे होते. त्यांच्याकडं किती शाली आहेत मला माहीत नाही, पण त्यांनी मला पहिल्यांदाच विचारायला माणूस पाठवला की मास्तर, ह्या पोरींचं म्हणणं नेमकं काय हाय.

ता. क. शेवटचा, आणि खरा. रविवारी सौंदर्याचा दिवस आहे. सोमशेखर त्याच दिवशी येणार. तो तिला दंडाला धरून उठवेल आणि साखळी तिथंच तुटेल, याची मला भीती आहे. मी आडवा गेलो तर तो फोटो दाखवेल. म्हणून तू त्याच्याबरोबर ये. भाकऱ्या बांधून आणू नकोस, ती खाणार नाही, आणि तुझ्या भाकरीचा वास आला तर माझीही खात्री देता येत नाही. मुक्कामाच्या तयारीनं ये आणि रविवारी सौंदर्याच्या शेजारीच बस. तिच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, जिची पाळी होती तिला ताप आला आहे, जागा रिकामी आहे. तू गेली चाळीस वर्षं सोमवार धरतेस आणि मी तेवढीच वर्षं त्याची टिंगल करतो आहे. तुला न विचारता त्या जागेवर तुझं नाव घातलं आहे. मांडवात आई बसलेली असताना सोमशेखर पोरीला घेऊन कसा जातो, ते मला बघायचं आहे.